केडगावचा फाटा

(आपल्या दिंडीच्या शतकमहोत्सवी वर्षात वरवंडच्या मुक्कामी रात्री झालेल्या प्रवचनाचा मजकूर)



पाय दमलेले आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. काल यवतला पिठलं-भाकरी झाली, आज भांडगावचा विसावा झाला, आणि वरून ऊन-पावसाचा खेळ चाललेलाच. तेव्हा फार लांबण लावणार नाही. दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळींनी ठरवलं, की यंदा रोज रात्री हरिपाठ झाल्यावर कुणीतरी देवाच्या प्रेमावर चार शब्द बोलायचे. आजची पाळी आमची.

आज आपण चौफुल्यावरून आलो. तिथून डाव्या हाताला एक रस्ता केडगावला जातो. त्या फाट्यावर दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन म्हणतात, ते इथंच का हो?" हो, इथंच. पालखी त्या रस्त्याला वळत नाही, म्हणून आपणही वळत नाही. आज बसल्या जागी तेवढं वळून येऊ.

कुणी म्हणेल, महाराज, वारीत ख्रिस्ती बाईची कथा कशाला? आपल्या संतांच्या कथा काय कमी पडल्या? नाही पडल्या. गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ती शेवटपर्यंत राहणार आहे. पण देवाचं प्रेम आपल्या पदरात पडलं तर ते घ्यायचं कसं आणि घेतल्यावर त्याचं करायचं काय, हे एखाद्या परक्या वाटणाऱ्या घरात बघितलं की जास्त स्वच्छ दिसतं. आपल्या घरातलं आपल्याला सवयीनं दिसेनासं होतं. शिवाय आपल्या दिंडीत यंदा एक विषय निघालेला आहे. त्यावर आम्हाला बोलायचं आहे, पण ते शेवटी.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे, वेदशास्त्रसंपन्न माणूस. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करीत हिंडायचं. देवळाच्या ओवरीत नाहीतर नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं, लोक जे शिधा-दक्षिणा देतील त्यावर गुजराण करायची, आणि पुढच्या क्षेत्राला चालू लागायचं. म्हणजे आपण वर्षातून एकदा चालतो, ते घर बारा महिने चालत होतं. पोर चालता चालताच वाढली आणि आईच्या तोंडून ऐकून हजारो श्लोक तिला पाठ झाले.

मग दुष्काळ आला, मद्रासकडचा. होतं नव्हतं ते विकून झालं. भीक मागायची सवय नाही आणि अंगमेहनतीचं काम करायचं तर पंडिताच्या घराला तेही माहीत नाही. रानात पानं खाऊन, रानखजुरावर दिवस काढले. वडील गेले. पाठोपाठ आई गेली. आईला स्मशानात न्यायचं तर तीन मैल लांब, आणि खांदा द्यायला माणूस मिळेना. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा भाऊ. चौथी ही मुलगी. तिची उंची कमी, खांदा पोचेना, म्हणून तिरडीचं आपल्या बाजूचं टोक तिनं डोक्यावर घेतलं आणि आईला पोचवलं.

माउली, हे आम्ही नुसतं सांगितलं तरी तुमच्यातल्या बायकांनी पदर डोळ्याला लावला. ती पोर तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती.

पुढे थोरली बहीणही गेली. उरले भाऊ आणि ती. दोघं हजारो मैल चालले, पार काश्मीरकडे गेले. थंडीला पांघरूण नाही म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून दोघं त्यात बसायची आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घ्यायची. आपण आज तंबूत गोधडीवर पडणार आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' म्हटलं, 'सरस्वती' म्हटलं. काल जिच्या आईला खांदेकरी मिळत नव्हते, तिच्या सत्काराला आज सभा भरल्या. जगाची रीत अशी. मग भाऊ गेला. तिनं बंगाली गृहस्थाशी, जातीबाहेर, लग्न केलं, आणि दोन वर्षांच्या आत पदरात लहान मुलगी टाकून नवराही गेला. मनोरमा तिचं नाव. चोवीस वर्षांची विधवा पुण्याला आली, बायकांसाठी सभा काढली, आणि १८८३ साली शिकण्यासाठी विलायतेला गेली.

तिथं जे झालं ते नीट ऐका.

वाँटेज नावाच्या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. एकदा लंडनमधल्या फुलहॅमला, त्या जोगिणींच्या एका घरात त्यांना नेलं. समाजानं ज्यांना वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलं अशा बायकांचं ते घर होतं. रमाबाईंनी बघितलं, की त्या बायका तिथं तोंड लपवून बसलेल्या नाहीत. त्यांच्यातल्या काही आता स्वतःच दुसऱ्यांची शुश्रूषा करताहेत. रमाबाईंना अचंबा वाटला. त्यांच्या ऐकण्यात असल्या बाईला फक्त शिक्षा होती, प्रायश्चित्त होतं, नाहीतर नदी होती. त्यांनी विचारलं, तुम्ही हे कशासाठी करता? तेव्हा एका जोगिणीनं पुस्तक उघडून विहिरीवरच्या बाईची गोष्ट वाचून दाखवली.

गोष्ट साधी आहे. येशू चालून चालून दमला आणि भर दुपारी विहिरीच्या काठावर बसला. शोमरोनी जातीची एक बाई पाणी भरायला आली. यहुदी लोक शोमरोन्यांना हलकं धरायचे, त्यांच्या भांड्याला तोंड लावायचे नाहीत. हे आपल्या गावाला समजावून सांगायला नको. त्यातून ती बाई पाच नवऱ्यांची, आता सहाव्याबरोबर राहणारी. आता या माणसानं तिला काय म्हणावं? उपदेश करावा? तो म्हणाला, मला पाणी दे.

आम्ही या गोष्टीवर पुष्कळ विचार केला. देव द्यायला आला होता, मग त्यानं मागितलं का? तर आमच्या अल्पमतीला असं वाटतं, की ज्याच्याकडे कुणी कधी काही मागतच नाही, त्याला सरळ देऊ गेलं तर ते भीक होतं. आधी त्याच्या हातचं घ्यावं, म्हणजे त्याचा हात वर येतो. मग त्याला जे द्यायचं ते दिलं तरी त्याची मान खाली जात नाही. आपल्या नाथबाबांनी दुसरं काय केलं? पैठणातला एवढा मोठा ब्राह्मण, राण्या महाराच्या घरी जाऊन जेवला, असं महिपतीबुवांनी सांगितलंय. नाथांनी राण्याला नुसतं घरी बोलावून जेवू घातलं असतं, तर लोक म्हणाले असते नाथ फार दयाळू. पण ते जाऊन राण्याचं अन्न जेवले, म्हणून पैठण खवळलं.

त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून इकडे किती गहजब झाला, त्यात आज शिरत नाही. परत आल्यावर १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथल्या काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून १८९३ साली पुण्यात वादळ उठलं. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. आम्ही काही रमाबाईंचे वकील नाही. त्यांनी आपल्या तीर्थक्षेत्रांवर कडक लिहिलंय, ते वाचून आम्हालाही राग येतो. पण मग आम्हाला ती तिरडी आठवते. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत फिरणाऱ्या घराला जेव्हा घासभर अन्न पाहिजे होतं, तेव्हा क्षेत्रानं काय दिलं? तो हिशेब आपल्या बाजूनं काही चांगला निघत नाही. राग येऊ द्यावा, पण हिशेब खोटा लिहू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण ख्रिस्ताचा धर्म तेवढा घेतला, पण ज्याच्यासाठी घेतला तो आपल्याला अजून भेटलाच नाही. हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय. आठ वर्षं! त्या काळात त्या काय रिकाम्या बसल्या होत्या? इंग्लंड झालं, अमेरिका झाली, पुस्तक लिहिलं, पैसे उभे केले, शाळा काढली. लोक म्हणत होते, केवढी सेवा करते बाई. आणि आतून बाई कोरडी.

का कोरडी? आमचं म्हणणं असं. त्यांना जन्मात काहीही फुकट मिळालेलं नव्हतं. श्लोक पाठ केले तेव्हा शिधा मिळाला. परीक्षा दिली तेव्हा मान मिळाला. अशा माणसाला वाटतं, देवसुद्धा आधी परीक्षा घेईल आणि मग जवळ करील. आपण अजून पुरते शुद्ध झालो नाही, अजून थोडं झालं पाहिजे, मग त्याच्यासमोर उभं राहू. त्या आठ वर्षांनी त्यांना कळलं, की असं थांबायचं कारणच नव्हतं. लेकरू आधी अंघोळ करून मग आईकडे जात नाही. ते माखलेलंच जातं, आणि आईच त्याला धुते.

माउली, ख्रिस्ती लोक ज्याला कृपा म्हणतात ती हीच. आपल्याकडेही शब्द तोच आहे, आणि आपल्याकडेही तो बोलायला सोपा आणि घ्यायला जड आहे.

जड कसा, ते आज दुपारीच बघितलं. रस्त्याच्या कडेला कॉलेजची पोरं तेल घेऊन बसली होती, वारकऱ्यांचे पाय चोळायला. आपल्यातले किती जण बसले? "नको रं पोरा, पाप लागंल," म्हणून पुढं निघाले. एका आजोबांना तर दोघांनी धरून बसवलं तरी ते पाय आखडून घेत होते. ख्रिस्ताच्या शेवटच्या रात्रीची अशीच गोष्ट आहे. जेवणाच्या वेळी तो उठला, कमरेला पंचा गुंडाळला, आणि शिष्यांचे पाय धुवायला बसला. पेत्र नावाचा शिष्य म्हणाला, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. येशू त्याला म्हणाला, मी धुतले नाहीत तर तुझा माझा काही संबंध राहणार नाही. आपल्याला वाटतं, पेत्र नम्र होता. नम्र कसला! ज्याला नुसतं द्यायचंच असतं आणि घ्यायचं कधीच नसतं, त्याच्या पोटात कुठंतरी 'मी' बसलेला असतो. देणाऱ्याला उंच बसता येतं. पाय पुढे करायचे तर भेगा दाखवाव्या लागतात. आणि पाय धुऊन झाल्यावर त्यानं शिष्यांना सांगितलं, आता तुम्ही एकमेकांचे धुवा. क्रम बघा. आधी धुऊन घ्या, मग दुसऱ्याचे धुवा. ज्याचे पाय कुणी धुतलेलेच नाहीत, तो दुसऱ्याचे धुवायला बसला तर घाण वाटून नाक मुरडतो, नाहीतर आपण धुतले म्हणून गावभर सांगतो.

रमाबाईंनी घेतलं. आणि मग काय झालं, तर १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी कानावर आली आणि त्यांना आपला दुष्काळ आठवला, ती रानातली पानं आठवली. स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावला फळबाग करायला म्हणून माळरान घेतलेलं होतं, तिथं झोपड्या घातल्या. दारात काटे लावून बसली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पुन्हा १९०० सालचा दुष्काळ, गुजरातेतल्या मुली आल्या. आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्या तोंडांना दोन वेळा भाकरी म्हणजे काय, हे आपल्या दिंडीच्या स्वयंपाक्यांना विचारा. आपण अठरा दिवसांत हात टेकतो.

तिथं त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग घातले, तेलाचा घाणा घातला, छापखाना काढला. बायकाच खिळे जुळवायच्या, बायकाच छापायच्या. आंधळ्या मुलींना हाताच्या बोटांनी वाचायला मनोरमेनं शिकवलं. म्हाताऱ्या बायकांना जागा केली. आणि फसलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी वेगळं घर बांधलं, त्याचं नाव कृपासदन. लंडनच्या त्या घरात जे बघितलं होतं, ते इथं आपल्या भीमाकाठच्या तालुक्यात उभं केलं. आम्हाला ते नाव फार आवडतं. पतितागृह म्हटलं असतं तर दारावरच बाईची लाज टांगली गेली असती. कृपासदनात राहणारी बाई म्हणते, मी कृपेच्या घरी राहते. तिथं राहायला जिला लाज वाटावी असं त्या नावात काही नाही, कारण कृपेवर तर चालकीणबाईही जगत होती.

शेवटची वर्षं त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून. साध्या, थोडंबहुत लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला कळावं म्हणून. कान गेले होते. १९२१ साली मनोरमा गेली, एकुलती एक. काम थांबलं नाही. पुढच्याच एप्रिलात त्याही गेल्या. ज्ञानोबांनी संस्कृतातली गीता मराठीत कुणासाठी आणली, ते ज्याला कळलं त्याला या बाईचं म्हातारपण कळेल.

अजून एक नाव घेतो आणि मग आपल्या विषयाकडे येतो. लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' लिहिलं त्या. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबा हा आपला पूल, त्यावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचं ते सांगत. म्हणजे आपल्याच पालखीच्या मागून चालत गेलेला माणूस म्हणा ना. नवऱ्यानं धर्म बदलला आणि घर फुटलं. लक्ष्मीबाई माहेरच्या, नात्यातल्या माणसांत राहिल्या. काही काळ पंढरपुरातही होत्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, कुणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांचं मोठेपण. मग एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बाईंनी स्वतःशीच वाद घातला. देवानं माणूस केला. जाती कुणी केल्या? माणसानं. मग त्या पाळायच्या कशाला? बस्स. सकाळी उठून ठरवलं, आजपासून कुणाच्याही हातचं खायचं.

बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. पण आम्हाला विचाराल तर त्या सकाळी दुसऱ्याच्या हातचं घेतलं, तेव्हाच त्यांच्या घराचं दार उघडलं. पुढे त्याच घरात दुष्काळातली अनाथ पोरं राहिली, त्याच हातानं जेवली. जोवर बाई कुणाचं घेत नव्हती, तोवर तिच्या घरी कुणी येऊ शकत नव्हतं. बाई तेव्हाही वाईट नव्हती. चांगलीच होती. फक्त चूल वेगळी होती.

हां, तर आपला विषय.

आपल्या पंचक्रोशीतल्या चार बायका यंदा वारीला यायच्या होत्या. चौघींचे कारभारी गेले. दोघींचे कर्जापायी गेले, कसे गेले ते सगळ्यांना माहीत आहे. भिशी भरायला पैसा नाही. आपल्या दिंडीतल्या एका माउलींनी सांगितलं, चौघींची भिशी मी भरतो, लुगडं-चोळीही करतो. चांगला माणूस आहे, नाव घेत नाही, त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. फक्त त्यांची एक इच्छा होती. शतकमहोत्सवी स्मरणिकेत चौघींचा फोटो छापावा, साड्या वाटतानाचा, आणि खाली दात्याचं नाव. त्यावर त्या बायका म्हणाल्या, मग आम्ही येत नाही. आणि आल्या नाहीत. देहूतून आपण त्यांच्याविना निघालो.

दिंडीत यावर दोन तट पडलेत. काही म्हणतात, बघा किती माज, देतोय तर घेता येत नाही. काही म्हणतात, दात्यानं फोटो मागायला नको होता. वाद यवतपर्यंत चालला, पंगतीतसुद्धा चालला.

आमचं म्हणणं तिसरंच आहे. आपण त्यांना देऊ केलं खरं, पण त्यांच्याकडे काही मागितलं का? त्यांच्यातली एक भजनात अशी म्हणते की पखवाजवाल्याला हात आवरत नाही. दुसरीच्या हातची भाकरी पातळ, मोठी, टम्म फुगलेली, गावात तोड नाही. त्यांना कुणी म्हणालं का, की बाई, तुझ्या आवाजावाचून आमच्या काकड्याला रंग येत नाही, तू चल? नाही म्हणालं. म्हणालो काय, तर तुझी भिशी आम्ही भरतो. विहिरीवर बसलेल्या माणसाला हे सुचलं, की आधी पाणी मागावं. आपल्याला शंभर वर्षांत सुचलं नाही.

आणि अजून एक. वाटेवर आपण सगळ्यांना माउली म्हणतो. पोलिसाला माउली, टँकरवाल्याला माउली, पाया पडून घेतो, पाया पडतो. वारी संपली की त्याच बाईला शुभकार्यात पुढे येऊ देत नाही. हळदी-कुंकवाला तिला बोलावणं नाही. ओटी भरायला तिचा हात नाही. कोल्हापूरकडे शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. २०२२ सालच्या मे महिन्यात त्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ते काही ख्रिस्ती गाव नाही, आपल्यासारखंच गाव आहे. ग्रामपंचायतीला जमतं ते दिंडीला जमू नये काय?

कुणी म्हातारे कोतारे मनात म्हणत असतील, आम्ही चाळीस वाऱ्या केल्या, कुणाचं फुकट खाल्लं नाही, आता फुकट्यांना पुढं बसवायचं का? त्यांना येशूनं सांगितलेली एक गोष्ट सांगतो. एका बापाला दोन मुलगे. धाकट्यानं वाटणी मागितली, उधळली, डुकरं राखायची पाळी आली, आणि लाजत घरी आला. बापानं लांबून बघितलं आणि धावत जाऊन मिठी मारली. नवा अंगरखा घातला, मेजवानी केली. हे सगळ्यांना माहीत असतं. पण थोरल्याचं काय झालं? थोरला शेतातून आला, वाजंत्री ऐकली, आणि दाराबाहेरच उभा राहिला. म्हणाला, इतकी वर्षं राबलो, मला कधी एक करडू दिलं नाहीस. बाप बाहेर आला आणि त्याची समजूत घालायला लागला, की अरे, जे माझं ते सगळं तुझंच आहे. तो पोरगा जन्मभर बापाच्या घरात राहिला आणि स्वतःला गडी समजून मजुरी मोजत राहिला. तो आत गेला का, हे येशूनं सांगितलेलं नाही. गोष्ट तिथंच सोडलीय. आमच्या चाळीस वाऱ्या झाल्या, म्हणजे आम्हीही थोरल्यातच जमा आहोत, तेव्हा हे आम्ही आम्हालाही सांगतोय.

तर काय करायचं, ते दिंडीच्या मालकांपुढे आणि पंचांपुढे मांडतो. ज्या माउलींनी भिशी भरायची तयारी दाखवली, त्यांच्याशी आज संध्याकाळी आम्ही बोललो. ते म्हणाले, फोटोचं राहू द्या. ते रागानं म्हणाले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले. तेव्हा स्मरणिकेत साडीवाटपाचं पान येणार नाही. देणगीदारांची यादी आहे, ती असू द्या, तिला आमची हरकत नाही.

गाव इथून लांब नाही. जीप पहाटे निघाली तर उंडवडीच्या मुक्कामाला त्या चौघी आपल्यात पोचतील. पण जीप पाठवताना भिशीचा निरोप द्यायचा नाही. आपल्या विणेकरी बुवांनी आणि दोन जाणत्या बायकांनी जायचं, आणि सांगायचं, की उद्याचा हरिपाठ सुरू करायला माणूस पाहिजे, आवाज पाहिजे. बारामतीच्या मुक्कामी शतकमहोत्सवाची तुळशीपूजा आहे, ती कुणाच्या हातून करायची हे अजून ठरलेलं नाही. तेही त्यांना विचारायचं. येतील तर येतील. नाही आल्या तर चहा घेऊन, त्यांच्या हातचा चहा घेऊन, परत यायचं.

जायला कोण तयार आहे, त्यांनी आता आरती झाल्यावर तंबूपाशी थांबा. जीपवाल्याला चार वाजता उठवावं लागेल.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!